आधी ही शू ओळखा

दत्तक देणाऱ्या संस्थेतल्या ताईंनी कुत्रं सोपवताना खात्रीने सांगितलेलं असतं, "अगदी शहाणा आहे हो, कुठे घाण करत नाही." घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शहाणं बाळ हॉलच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत निवांतपणे मोकळं होतं. फडकं येतं, फिनेल येतं, आरडाओरडा होतो. आठवडाभर हेच चाललं की घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं परत देऊन टाका, दुसऱ्याचं म्हणणं होईल सवय. ताईंवर मात्र दोघांचाही राग. वास्तविक ताई खोटं बोललेल्या नसतात. त्यांच्या आवारात घर आणि बाहेर असा भेदच नव्हता. सिमेंटचा कोबा, तोही रोज सकाळी पाइप लावून धुतला जाणारा. तिथे कुठेही, केव्हाही केलं तरी कुणाची तक्रार नव्हती. तिथल्या हिशोबाने कुत्रं खरोखरच शहाणं होतं.

अशा वेळी सगळे एकच विचारतात, हे थांबवायचं कसं? माझ्या मते हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ही शू कुठल्या प्रकारची आहे? लादीवरचं तळं दिसायला सारखंच असतं, पण त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, जुनी सवय असू शकते, हद्द आखण्याची ओढ, भीती किंवा एकटं पडल्याची घालमेल असू शकते. या पाचांवरचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत. संसर्ग असेल तर शिस्त लावून उपयोग नाही, आणि भीती असेल तर ओरडल्याने ती वाढते. आपल्याकडे मात्र पाचांवर मिळून एकच उपाय चालतो, तो म्हणजे ओरडणं.

ओळखायला चार गोष्टी बघाव्या लागतात: किती, कुठे, केव्हा आणि कुठल्या पवित्र्यात. हे मनात ठेवून जमत नाही, लिहावं लागतं. दूधवाल्याचे खाडे ज्या कालनिर्णयवर मांडता त्याच्याच चौकटीत आठवडाभर दोन शब्द टाका. "पहाटे 5, दारापाशी, भरपूर." "दुपारी, सोफ्याचा पाय, चार थेंब." "काका आले तेव्हा, बसकण मारून." सातव्या दिवशी कॅलेंडर वाचताना चित्र बरंचसं स्पष्ट होतं, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा हाच कागद सगळ्यात उपयोगी पडतो.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, आणि तेही सगळ्यात आधी. सवय लावण्याच्या खटपटीत महिना घालवून मग तपासणी करणं हा उलटा क्रम झाला.

थोडी थोडी, वारंवार, जोर लावून होत असेल, मध्येच तो भाग चाटणं चालू असेल, तर मूत्राशयात संसर्ग किंवा मुतखडा असण्याची शक्यता धरावी. माद्यांचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे जंतूंना आत शिरणं सोपं जातं आणि त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण जास्त दिसतं. नर कुत्रा जोर लावतोय आणि काहीच येत नाही असं दिसलं, तर खडा अडकलेला असू शकतो. त्यासाठी सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

उलट तळी मोठी मोठी असतील, तर पाण्याचा वाडगा बघा. निरोगी कुत्रं दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 20 ते 40 मिलीलिटर लघवी करतं, म्हणजे पंधरा किलोचं कुत्रं 300 ते 600 मिलीलिटर. दर किलोमागे 100 मिलीलिटरहून जास्त पाणी पोटात जात असेल तर ते आजाराचं लक्षण मानतात. मोजणं अगदी सोपं आहे. लिटरची बाटली भरून ठेवायची, दिवसभर वाडगा तिच्यातूनच भरायचा, संपली तर पुन्हा भरायची, रात्री उरलेलं बघायचं. पंधरा किलोच्या कुत्र्याने दीड लिटर संपवलं, तर मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, कुशिंग हा संप्रेरकांचा आजार यांची तपासणी करावी लागते. खाजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तरी तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांना त्वचेचे आजार सर्रास असतात, तेव्हा ही शक्यता विसरू नये. नसबंदी न झालेल्या मादीने माजानंतर महिना-दोन महिन्यांत अचानक पाणी वाढवलं आणि जेवण कमी केलं, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. हा जिवावरचा आजार आहे. आणि या सगळ्यांत एक धोक्याची गोष्ट लोक हमखास करतात: शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडतात. मूत्रपिंड आधीच दमलेलं असेल तर हा उपाय कुत्र्याचा जीव घेऊ शकतो. पाणी कधीही तोडायचं नाही.

अंथरुणावरून उठल्यावर झोपल्या जागी ओल सापडते आणि कुत्रीला त्याचा पत्ताच नसतो, हा वेगळा प्रकार. नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये, कधी कधी शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनीही, मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो. हे करणं नव्हे, ही गळती आहे. स्नायू आवळून धरणाऱ्या गोळ्या मिळतात आणि बहुतेक माद्यांना त्यांचा चांगला उपयोग होतो. अशा कुत्रीला ओरडणं म्हणजे घोरणाऱ्या माणसाला झोपेतून उठवून जाब विचारण्यासारखं आहे.

आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात, ज्या परदेशी पुस्तकांत ठळकपणे सापडत नाहीत. लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडत असतील तर ते दर वेळी लघवीतलं रक्त नसतं. संगातून पसरणारी जननेंद्रियाची एक गाठ, जिला डॉक्टर टीव्हीटी म्हणतात, भारतातल्या भटक्या कुत्र्यांत पुष्कळ आढळते. नाव ऐकून घरचे हादरतात, पण आठवड्याला एक अशी व्हिन्क्रिस्टिनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. दुसरी गोष्ट गोचिडांची. गोचिडांतून शिरणाऱ्या बबेसिया या आजारात तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. सोबत ताप, फिकट हिरड्या, मलूलपणा असतो. इथेही उशीर परवडत नाही.

आणि पावसाळ्यात लेप्टो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हापासून हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. त्याचा मुख्य वाहक उंदीर, पण कुत्र्यालाही तो होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसालाही होऊ शकतो. दत्तक कुत्र्याच्या लसीकरणाच्या पुस्तिकेत लेप्टोची लस आहे का, तिचे दोन्ही डोस झालेत का आणि दर वर्षी ती पुन्हा दिली जाते का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. पायाला किंवा हाताला जखम असेल तर शू पुसताना हातमोजे घाला. घाबरून जायचं कारण नाही, पण उघड्या हाताने पुसून तसंच पोळपाटाकडे वळू नये, इतकं साधं पथ्य पाळावं.

तपासणी स्वच्छ आली, की मग सवयीकडे वळायचं.

कुत्र्याचं पिल्लू पहिले तीन आठवडे आपण होऊन मोकळंही होऊ शकत नाही, आई चाटते तेव्हा होतं. त्यानंतर ते झोपायच्या जागेपासून दूर जाऊन मोकळं व्हायला शिकतं आणि साधारण आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत पायाखाली कसली जमीन असली की मोकळं व्हायचं, ही आवड बरीचशी पक्की होते. माती, गवत, वाळू, कोबा, कागद, जे त्या वयात मिळालं ते. म्हणजे तुमच्या घरी दोन वर्षांचं कुत्रं येतं तेव्हा त्याचं हे शिक्षण कधीच पूर्ण झालेलं असतं. संस्थेच्या पिंजऱ्यात वाढलेल्याला गुळगुळीत, कडक जमीन ठाऊक असते, आणि आपल्या घरात तर सगळीकडे तेच, लादी नाहीतर टाइल्स. त्याच्या दृष्टीने अख्खा फ्लॅट ओळखीचाच आहे.

रस्त्यावरून थेट आलेल्या कुत्र्याचं गणित याच्या अगदी उलट. देशी कुत्री, ज्यांना हल्ली इंडी म्हणतात, या बाबतीत जातिवंत कुत्र्यांपेक्षा सहसा सोपी जातात असं माझं मत आहे. जन्मापासून मातीत, झोपायची जागा सोडून दूर जाण्याची सवय त्यांना आपोआप लागलेली असते. त्यांची अडचण घरात नसते, रस्त्यावर असते. गळ्यात पट्टा कधी अडकवलेला नसतो, शेजारच्या गल्लीतली टोळी भुंकत अंगावर येते, रिक्षा कानाशी भोंगा वाजवते. कुत्रं शेपटी पोटाशी घेऊन चालतं, अर्धा तास काही करत नाही, आणि घरी येऊन दाराशी पायपुसण्यावर मोकळं होतं. मालक चिडतो, "अर्धा तास फिरवलं तेव्हा काय झालं होतं?" भीती वाटत होती, हे झालं होतं. घरात आल्यावर जीव भांड्यात पडला आणि मूत्राशयही सैल झालं. अशा कुत्र्याला लांब फिरवण्यापेक्षा एकाच शांत कोपऱ्यात नेऊन उभं राहणं चांगलं. पहाटे किंवा रात्री दहानंतर, इमारतीमागची माती, पट्टा लांब आणि सैल, आपण गप्प, मोबाइल खिशात. नवं कुत्रं घाबरून मागे सरकलं की गळ्यातला पट्टा डोक्यावरून निसटतो, म्हणून सुरुवातीचे महिने छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही वापरावेत. शू शिकवताना कुत्रं हरवल्याच्या घटना काही कमी नाहीत.

आता हद्दीचा भाग. तंगडी वर करून, उभ्या वस्तूवर, चमचाभर. सोफ्याचा पाय, पडद्याचं टोक, दाराची चौकट, पाहुण्यांची पिशवी. कुत्र्याला इथे मोकळं व्हायचंच नसतं, त्याला चिठ्ठी ठेवायची असते. कुत्री या चिठ्ठ्या वाचतात कशा, याचा एक गमतीदार प्रयोग अमेरिकेतले प्राणिवर्तनाचे अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी केला. कोलोरॅडोमधल्या बोल्डरला हिवाळ्यात फिरायला जाताना ते लघवीने पिवळा झालेला बर्फ हातमोज्याने उचलून दुसरीकडे नेऊन ठेवत आणि आपला जेथ्रो तिथे पोहोचला की किती वेळ हुंगतो हे टिपत. 2001 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जेथ्रो स्वतःच्या लघवीपाशी फार रेंगाळत नसे, दुसऱ्या कुत्र्याच्या लघवीपाशी मात्र पुष्कळ वेळ काढी. पुढे 2018 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या बेट्टी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी निवारा केंद्रांतल्या नर कुत्र्यांचे व्हिडिओ तपासले. लहान चणीचे कुत्रे तंगडी जास्त तिरकी वर उचलतात असं त्यांना दिसलं, जणू आपण आहोत त्यापेक्षा मोठे असल्याची थाप मारायची असावी.

नवं घर म्हणजे अशा कुत्र्यासाठी परक्या वासांचं गोदाम. आधी त्या घरात दुसरं कुत्रं राहून गेलं असेल तर बघायलाच नको. नसबंदीने फरक पडतो का? कॅलिफोर्निया विद्यापीठात बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये मोठ्या नर कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात घरात हद्द आखण्याचं प्रमाण साधारण निम्म्या कुत्र्यांत घटलं. म्हणजे उपयोग आहे, हमी नाही. उरलेल्यांच्या बाबतीत जुने डाग धुणं, वासाच्या वस्तू उचलून ठेवणं आणि नजर ठेवणं हेच करावं लागतं. कानाला खाच असलेलं कुत्रं आणलं असेल तर त्याची नसबंदी प्राणी जन्म नियंत्रणाच्या मोहिमेत झालेली असते, तेव्हा ती शंका आधीच मिटवून घ्या. आणि हो, माद्याही हद्द आखतात, विशेषतः माजावर असताना.

पोटाला बांधायचे पट्टे बाजारात मिळतात. पाहुणे येणार असतील त्या दिवशी ठीक. रोज तेच बांधून ठेवलं तर कुत्रं काहीच शिकत नाही, कातडी मात्र लाल होते.

भीतीची शू सर्वांत करुण, आणि तिच्यावरच सर्वांत जास्त मार बसतो. दार उघडून तुम्ही आत येता, कुत्रं कान मागे पाडतं, अंग चोरतं, जमिनीला टेकतं, कधी पाठीवर उताणं होतं आणि त्याच वेळी लघवी होते. कुत्र्यांच्या भाषेत ही विनवणी आहे: मी लहान आहे, मला मारू नकोस. यावर ओरडलात तर ते आणखी विनवणी करणार, म्हणजे आणखी शू. ज्याने पूर्वी काठ्या खाल्ल्या आहेत त्याच्यात हे हमखास दिसतं. उपाय तुमच्याच अंगात आहे. घरात शिरताना गाजावाजा नको, वरून झुकायचं नाही, डोक्यावर हात न्यायचा नाही. थोडं तिरकं, खाली बसायचं आणि त्याला जवळ येऊ द्यायचं. कुरवाळायचं तर हनुवटीखाली किंवा छातीवर. तळं झालं तर काही न बोलता पुसून टाकायचं. पाहुण्यांनाही हेच बजावून ठेवा. "अले ले ले" करत अंगावर धावून जाणाऱ्या मावश्यांना आवरणं कुत्र्याला आवरण्याहून कठीण असतं, पण तेही करावं लागतं.

इथेच त्या प्रसिद्ध "अपराधी चेहऱ्या"बद्दल बोलायला हवं. "त्याला कळतं हो, केल्यावर बघा कसा तोंड पाडून बसतो," हे घराघरात ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये चौदा कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. मालकाने कुत्र्याला खाऊ खायला मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जाई की कुत्र्याने खाऊ खाल्ला. पडलेलं तोंड गुन्ह्यावर अवलंबून नव्हतं, मालकाच्या रागावण्यावर होतं. किंबहुना ज्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे जास्त अपराधी दिसले. तेव्हा दुपारी केलेल्या शूसाठी संध्याकाळी नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारणं, हे सगळं वाया आहे. कुत्रं त्यातून एकच शिकतं, की या माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते पलंगाखाली जाऊन करतं, आणि बाहेर पट्ट्याला बांधलेलं असताना, तुम्ही शेजारी उभे असताना, करतच नाही. म्हणजे जे हवं होतं नेमकं तेच आपण बंद पाडलं.

एकटेपणाची शू ओळखायला जुना मोबाइल कामाला येतो. तो चित्रण चालू ठेवून फडताळावर उभा करा आणि बाहेर पडा. तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कुत्रं येरझारा घालतंय, धापा टाकतंय, दार ओरबाडतंय, विव्हळतंय आणि त्यातच शू झाली, तर तो शिकवणुकीचा प्रश्न नाही. एकदा सोडून दिलेल्या कुत्र्याला पुन्हा सोडलं जाण्याची धास्ती बसली असेल तर त्यात नवल काय? दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं असं हळूहळू एकटं राहायला शिकवावं लागतं. ताण जास्त असेल तर डॉक्टर औषध देतात आणि ते घ्यायला लाजू नये. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा वळवाच्या गडगडाटात झालेली शू यातच मोडते.

राहिली साधी, निरोगी, न शिकलेली शू. हिच्यावरचा उपाय सर्वांना ठाऊक असतो, पण तो पाळायला कंटाळा येतो. कुत्रं दोन वर्षांचं असो की पाच, ते दोन महिन्यांचं आहे असं समजून सुरुवात करायची. उठल्याबरोबर बाहेर, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर, खेळून झाल्यावर बाहेर, झोपण्याआधी बाहेर, आणि मध्ये दर तीन-चार तासांनी. पिल्लासाठी ठोकताळा असा की वयाच्या महिन्यांत एक मिळवायचा, तितके तास ते फार तर धरू शकतं, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू चार तास. मोठं कुत्रं सहा-आठ तास धरतं, पण नव्या घरात, नव्या पाण्यावर, नव्या भीतीत पहिल्या महिन्यात ती अपेक्षा ठेवू नये.

घरात असताना ते नजरेआड जाऊ द्यायचं नाही. सुरुवातीला अख्खं घर मोकळं सोडण्याची दानत अंगाशी येते. एक खोली द्या, दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावा, किंवा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधून स्वयंपाक करा. गोल गोल फिरणं, जमीन हुंगणं, खेळ सोडून अचानक दुसरीकडे जाणं ही खूण दिसली की न ओरडता, हलक्या आवाजात "चल चल" करत बाहेर. मध्येच पकडलंत तरी तेच.

बाहेर केल्यावर खाऊ लगेच, त्याच जागी, दोन-तीन सेकंदांत द्यायचा. घरी येऊन डबा उघडून दिलेला खाऊ कुत्र्याच्या हिशोबात घरी आल्याबद्दलचा असतो. आणि शू झाली की लगेच घराकडे वळायचं नाही, पाच मिनिटं आणखी हिंडू द्यायचं. नाहीतर कुत्रं धूर्तपणे शिकतं की केली की फेरी संपते, आणि धरून ठेवतं.

परदेशात यासाठी कुत्र्याला खास हुकूम शिकवतात. आपल्याकडे तो तयारच आहे. तान्ह्या बाळाला पायांवर धरून आजी "शूऽऽ" करते, तोच आवाज. कुत्रं करायला बसलं की हळूच "शूऽऽ" म्हणायचं, संपलं की खाऊ. काही आठवड्यांनी पावसात छत्रीखाली उभं असताना हा आवाज किती कामाचा आहे ते कळतं. पावसाळा हा आपल्याकडचा खरा कसोटीचा काळ. पुष्कळ कुत्री ओल्या जमिनीवर पाय ठेवायला नाखूश असतात. पार्किंगच्या कडेची छपराखालची माती किंवा गच्चीच्या शेडखाली ठेवलेला मातीचा ट्रे अशी कोरडी जागा पाऊस सुरू होण्याआधीच ओळखीची करून ठेवावी. मे महिन्यात दुपारच्या डांबराने पंजे भाजतात, तेव्हाही तीच जागा.

शू-पॅडबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. चौदाव्या मजल्यावरचं लहान पिल्लू किंवा जिने न उतरता येणारं म्हातारं कुत्रं असेल तर पॅड हवेतच. पण धडधाकट मोठ्या कुत्र्याला घरात मऊ, शोषणाऱ्या चौकोनावर करायला शिकवायचं आणि मग पायपुसणं, सतरंजी, गोधडी वाचेल अशी आशा धरायची, यात तर्क नाही.

स्वच्छता हा अर्धा उपाय आहे आणि आपण तो चुकीचा करतो. फिनेलचा वास आपल्या नाकाला लघवीचा वास झाकतो, कुत्र्याच्या नाकाला नाही. शिवाय काळ्या फिनेलमधली फिनॉलच्या जातीची रसायनं पंजांना आणि जिभेला घातक असतात, कुत्रं पंजे चाटतं हे लक्षात ठेवा. लघवीतला युरिया जिवाणूंमुळे मोडून अमोनिया बनतो, म्हणून अमोनिया असलेली साफसफाईची द्रव्यंही नकोत. आधी जुन्या वर्तमानपत्राने किंवा फडक्याने दाबून टिपायचं, घासायचं नाही. मग साबणाचं पाणी, मग एन्झाइम असलेलं क्लीनर, आणि ते ओतून लगेच न पुसता बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ठेवायचं. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो. ब्लीच आणि लघवी, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड, एकत्र आलं की विषारी वायू निघतो, तो प्रयोग करू नये. टाइल्सच्या मधल्या सिमेंटच्या रेघा आणि शहाबादी फरशी लघवी शोषून घेतात, तिथे दोनदा धुवा. कापसाची गादी भिजली असेल तर ऊन दाखवून भागत नाही, कापूस पिंजून घ्यावा लागतो नाहीतर गादीला रामराम. आणि लादी पुसणाऱ्या मावशींना प्रेमाने सांगा की त्या जागेचं फडकं आणि पाणी वेगळं ठेवा. त्याच बादलीने घर पुसलं तर वास सगळ्या खोल्यांत फिरतो.

सोसायटीचं राजकारण हा स्वतंत्र लेखाचा विषय. लिफ्टमध्ये एकदा शू झाली की व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण हक्क सांगणाऱ्याने पाण्याची बाटली आणि कागद बरोबर बाळगावेत आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या चाकावर कुत्र्याला तंगडी वर करू देऊ नये. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

म्हाताऱ्या कुत्र्याला दत्तक घेणारी माणसं थोडी असतात. अशा कुत्र्याला विसरभोळेपणा येऊ शकतो. रात्री कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दिवस-रात्रीची उलटापालट, शिकलेलं विसरणं, त्यातच शू. तिथे शिकवण्याचा आग्रह सोडून फेऱ्या वाढवाव्यात आणि अंथरुणाखाली रबरी कापड घालावं.

किती दिवस लागतात? नियम पाळले तर बहुतेक घरांत काही आठवड्यांत फरक दिसतो, आणि मग घर बदललं, पाहुणे राहायला आले, दिवाळी आली की थोडी घसरणही होते. महिना-दीड महिना सगळं करूनही जैसे थे असेल, तर परत एकदा डॉक्टर, आणि नंतर मारझोड न करणारा, खाऊवर शिकवणारा प्रशिक्षक.

आणि काही घरं थकतात, तेही समजण्यासारखं आहे. तशी वेळ आली तर ज्या संस्थेकडून आणलं तिच्याकडेच सोपवा. गाडीत घालून लांबच्या रस्त्यावर सोडून येऊ नका. भूक-तहानेने यातना होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि घराची सवय लागलेलं कुत्रं परक्या टोळीत फार काळ तगत नाही.

पण संस्थेला फोन लावण्याआधी एक करा. केमिस्टकडून लघवीच्या तपासणीची निर्जंतुक डबी आणा. सकाळची पहिली लघवी एका स्वच्छ, उथळ डब्यात धरा, डबीत ओता आणि तासाभरात दवाखान्यात पोहोचवा. जमणार नसेल तर झाकण घट्ट लावून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. साखर, रक्त, पू, खड्यांचे स्फटिक, मूत्रपिंडाची ताकद, या सगळ्याचा पहिला अंदाज त्या दोन-चार चमच्यांत मिळतो. ही तपासणी न करता कुत्रं परत देऊ नका.